न जाळलेल्या रानातला मका

राब भाजलेल्या जागी भाताची रोपं कशी तरारून येतात, हे आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. आगीनं तण मरतं, राखेतून पोटॅश मिळतं. मध्य अमेरिकेत होंडुरास नावाचा डोंगराळ देश आहे. तिथल्या लेंपिरा भागातले छोटे शेतकरीही याच हिशेबानं चालत. फरक एवढाच, की ते उतारावरचं अख्खं रान तोडून जाळत आणि तिथं मका, घेवडा पेरत.

हा हिशेब दोन-तीन वर्षं जमतो. पण जळताना पाल्यातला बहुतेक नत्र धुरावाटे उडून जातो. उघडी पडलेली माती पावसात वाहते. मग ती जमीन सोडायची आणि दुसरीकडं रान पेटवायचं. पूर्वी सोडलेल्या जमिनीला भरपूर विसावा मिळे. खाणारी तोंडं वाढली, विसावा आखडला आणि घरातला मका पुढच्या सुगीपर्यंत पुरेना.

१९९०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं तिथं काम सुरू केलं. तिथल्याच काही शेतकऱ्यांची जुनी रीत तज्ज्ञांच्या नजरेत भरली. केसुंगुआल या गावावरून तिला नाव मिळालं. यात रान जाळत नाहीत. फळांची, लाकडाची कामाची झाडं राखतात, बाकीची माणसाच्या उंचीला छाटतात. तोडलेला पाला जमिनीवर अंथरतात आणि टोकदार काठीनं त्यात भोक पाडून बी टोबतात. पाला कुजून खत होतो, त्याखाली ओल टिकते, झाडांची मुळं माती धरून ठेवतात. एकच शेत दहा-बारा वर्षं पिकतं. छाटणीचं काम मात्र दरवर्षी असतं.

१९९७मध्ये एल निनोचा दुष्काळ पडला, १९९८मध्ये ‘मिच’ चक्रीवादळ आलं. दोन्ही वेळी या शेतांचं नुकसान तुलनेनं कमी झालं. शेजाऱ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. पुढं सहा हजारांहून अधिक शेतकऱ्यांनी ही रीत उचलली.

मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती ही. आग न लावण्याचे नियम तिथल्या गावांनीही केले. पण नियमानं कणगी भरत नाही. वाईट वर्षातही घरात दाणा येतो, हे दिसलं, म्हणून काडी खिशात राहिली.