दवाखान्यातला कॅमेरा, रुग्णालयातले लेसर

मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होतो तेव्हा काही दुखत नाही, आणि सुरुवातीला नजरही कमी होत नाही. अंधुक दिसू लागेपर्यंत पडद्यावरच्या रक्तवाहिन्या झिरपू लागलेल्या असतात. म्हणून मधुमेहींनी दरवर्षी पडदा तपासून घ्यावा, असे डॉक्टर सांगतात. पण महापालिकेच्या दवाखान्यात गोळ्या घ्यायला येणारा रुग्ण, काही त्रास नसताना डोळे दाखवण्यासाठी आणखी एका दिवसाची मजुरी सहसा बुडवत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचा खरा उपयोग या ठिकाणी आहे. निष्णात डॉक्टरला हरवण्यापेक्षा, जिथे तो पोहोचत नाही तिथे पहिली चाळणी लावण्यात तिचे मोल आहे.

याचा पुरावा मुंबईतच मिळाला. वडाळ्याच्या आदित्यज्योत संस्थेचे डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी पालिकेच्या दवाखान्यांत येणाऱ्या मधुमेहींच्या पडद्याचे फोटो स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने काढले. कॅमेरा बेंगळुरूच्या रेमिडिओ कंपनीचा आणि फोटो वाचणारी प्रणाली मेडिओस. निदान फोनमध्येच होते, इंटरनेट लागत नाही. थायलंडच्या आरोग्यकेंद्रांत गुगलची प्रणाली संथ इंटरनेटमुळे अडखळली होती, हे आठवले की या गोष्टीचे महत्त्व कळते. हा अभ्यास 2019 मध्ये ‘जामा ऑप्थॅल्मॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. त्यात 213 रुग्णांच्या फोटोंची छाननी होती. तज्ज्ञाकडे पाठवण्याजोगा विकार असलेला एकही रुग्ण यंत्राकडून सुटला नाही. असा विकार नसलेल्यांपैकी 88.4 टक्क्यांना यंत्राने बरोबर ओळखले.

आक्षेप घ्यायला इथे जागा आहे, आणि घ्यायलाच हवेत. असे गंभीर रुग्ण होते फक्त 15. एवढ्यावरून ‘शंभर टक्के’ची द्वाही फिरवता येत नाही. सौम्य विकार धरले तर यंत्राची पकड 85.2 टक्क्यांवर येते. शिवाय तज्ज्ञाकडे पाठवण्याजोगा विकार नसूनही पाठवले गेलेले रुग्ण खऱ्या रुग्णांपेक्षा जास्तच होते. मोतीबिंदू दाट असला तर फोटोही धड येत नाही. हे सगळे खरे असले, तरी चाळणीकडून अपेक्षा वेगळी असते. निरोगी माणसाला एक हेलपाटा पडला तर त्याचा दिवस जातो, पण खरा रुग्ण सुटला तर त्याची नजर जाते. सौम्य विकार यंदा हुकला तर पुढच्या वर्षी सापडण्याची संधी राहते, अट एवढीच की तपासणी दरवर्षी व्हावी. आणि फोटो नीट आला नाही तर ‘सगळे ठीक’ न म्हणता त्या रुग्णालाही तज्ज्ञाकडे धाडावे.

खरी अडचण पुढे आहे. यंत्र फक्त चिठ्ठी देते, नजर वाचते ती लेसरने, डोळ्यातल्या इंजेक्शनने आणि साखर ताब्यात ठेवल्याने. उपनगरांत 2022 पासून ‘आपला दवाखाना’ केंद्रे वाढली, त्यामुळे कॅमेरा ठेवायला जागा आहे. पण घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे अग्रवाल, बोरिवलीचे भगवती आणि जुहूचे कूपर यांवर आधीच गर्दीचा ताण आहे. दवाखान्यातली चिठ्ठी या रुग्णालयांच्या खिडकीवर पुन्हा रांगेत उभी राहणार असेल, तर तपासणी वाढून अंधत्व मात्र तेवढेच राहील. म्हणून पालिकेने कॅमेरे घेण्याआधी एक नियम करावा: यंत्राने पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाला दवाखान्यातूनच तारीख मिळावी, आणि त्या तारखेला तो आला नाही तर त्याला फोन जावा. योजनेचे यश किती फोटो काढले यावर मोजू नये, किती जणांवर वेळेत उपचार झाले यावर मोजावे.