सिंहराजात सिंह नाही

श्रीलंकेच्या नैर्ऋत्य भागात रत्नपुरा, गॉल आणि मातर या तीन जिल्ह्यांत मिळून सिंहराजा नावाचे अरण्य आहे. नावात सिंह असला तरी जंगलात सिंह नाही. हत्ती उरलेत ते एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. बिबट्या आहे, पण तो सहसा दर्शन देत नाही. ताडोब्यात जिप्सीतून वाघ पाहून आलेला आपला पर्यटक इथे तीन तास पायी हिंडतो, भिजतो, जळवा उपटून काढतो आणि शेवटी विचारतो, ‘यात पाहिले काय?’ प्रश्न रास्त आहे. वर्षावनात काय पाहायचे आणि ते कसे पाहायचे, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

आधी पावसाचे पाहू. सिंहराजात वर्षाला साधारण 3,600 ते 5,000 मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीकरांना हा आकडा किरकोळ वाटेल. मग आंबोलीचे रान वर्षावन का नाही? कारण वनाला पावसाच्या एकूण मापाइतकीच त्याच्या वाटणीची फिकीर असते. आपल्याकडे चार महिन्यांत आभाळ रिते होते आणि पुढे सात-आठ महिने झाडांना साठवणीवर काढावे लागतात. सिंहराजाला नैर्ऋत्य मोसमी पाऊस मिळतो आणि ईशान्य मोसमीही मिळतो. जानेवारी ते मार्च हे त्यातल्या त्यात कोरडे महिने, पण तेव्हाही सर येतेच. म्हणून तिथल्या झाडांना पाने गाळून तग धरण्याची वेळ येत नाही. चाळीसेक मीटर उंचीचे हिरवे छत बारा महिने टिकते आणि जमिनीवर उजेड अगदी थोडा पोचतो.

या छतामुळेच तिथे प्राणी दिसत नाहीत. पाने, फुले, फळे, किडे, म्हणजे खाण्याची सारी चैन वर असते. खाणारेही वरच राहतात. खाली चालणारा माणूस जणू वाड्याच्या तळघरातून फिरत असतो आणि मैफल मात्र माडीवर रंगलेली असते. तेव्हा इथे डोळ्यांआधी कानांनी पाहावे लागते. सेरेंदिब घुबडाची गोष्ट याला पुरेशी आहे. पक्षिनिरीक्षक दीपाल वरकगोडा यांनी 1995 मध्ये कितुलगलच्या जंगलात एक अनोळखी हाक ऐकली. त्या हाकेचा धनी प्रत्यक्ष दिसला तो 2001 मध्ये, याच सिंहराजात, आणि 2004 मध्ये नवी जात म्हणून त्याची शास्त्रात नोंद झाली. एका छोट्या घुबडाला आवाजातून रूपात यायला सहा वर्षे लागली.

कुडवाच्या प्रवेशद्वारातून वाटाड्याबरोबर चालू लागल्यावर बराच वेळ सारे सुनसान असते. वाटाड्या मात्र हवाच, त्याच्याशिवाय आत सोडत नाहीत. मग अचानक एक कलकलाट पुढे सरकत येतो आणि झाडे पक्ष्यांनी भरून जातात. हा मिश्र थवा. प्राध्यापक सरत कोटगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा थव्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. सरासरी एका थव्यात अकराच्या आसपास जातींचे चाळीसेक पक्षी असतात, असे त्यांना आढळले. पुढे नारिंगी चोचीचे सातभाई, सतत बडबडणारे. त्यांच्यासोबत तुरेवाला कोतवाल. मागोमाग लाल चेहऱ्याची मलकोहा, निळा मॅगपाय आणि आपल्या सह्याद्रीतही असणारा कर्णा. सातभाई पाने खालीवर करतात, त्याने उडालेले किडे कोतवाल टिपतो आणि मोबदल्यात पहारा करतो. मराठीत त्याला कोतवाल हे नाव ज्याने दिले त्याची नजर पक्की होती. हा कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांचे आवाजही हुबेहूब काढतो. ध्वनिमुद्रित आवाज जंगलात वाजवून संशोधकांनी प्रयोग केले, तेव्हा त्याच्या नकलांनी इतर जाती जवळ येतात असे दिसले. म्हणजे थवा जमवण्याचे कामही काही अंशी त्याच्याकडेच. दहा मिनिटांत थवा निघून जातो आणि पुन्हा शांतता. ती दहा मिनिटे ज्याला मिळाली, त्याने वर्षावन पाहिले.

पायांखालची वाटही पाहण्याजोगी आहे. कुडव्याहून संशोधन केंद्राकडे जाणारी ही सोयीची रुंद वाट मुळात लाकूडतोडीसाठी काढलेला रस्ता होता. 1970 नंतरच्या वर्षांत प्लायवूडसाठी इथे यंत्रांनी झाडे तोडली जाऊ लागली. लोकांनी विरोध केला आणि 1977 मध्ये तोड थांबली. 1978 मध्ये हे जीवावरण राखीव क्षेत्र ठरले, 1988 मध्ये जागतिक वारसा. आज जिथे पर्यटक थवे शोधतात, त्यातला बराच भाग तेव्हा तोडलेला आहे.

मग तोडूनही जंगल परत येते, असा सोयीचा अर्थ कोणी काढील. तो चुकीचा आहे. इथली मुख्य झाडे सालाच्या कुळातली. त्यांच्या बिया आईच्या पायथ्याशीच पडतात आणि थोड्या दिवसांत रुजल्या नाहीत तर मरतात. वाटाण्यासारख्या बरणीत भरून त्या ठेवता येत नाहीत. आसपास मोठी झाडे शिल्लक होती म्हणूनच सिंहराजाची जखम भरत आली. आणखी दहा वर्षे तोड चालली असती तर बी टाकायला आईच उरली नसती. कडेच्या उजाड जमिनींवर पुढे कॅरिबियन पाइन लावले गेले. संशोधकांनी त्यातल्या काही रांगा काढून तिथे मूळची झाडे लावून पाहिली. ती वाढली, पण त्यांची रोपे माणसाला हातांनी न्यावी लागली.

सारे अरण्य पूर्व-पश्चिम सुमारे 21 किलोमीटर आणि दक्षिणोत्तर जास्तीत जास्त 7. वारसा म्हणून नोंदलेले क्षेत्र 8,864 हेक्टर. त्यातली साठ टक्क्यांहून अधिक वृक्षजाती श्रीलंकेबाहेर कुठेच नाहीत. काठावरच्या गावांतले लोक पिढ्यान्‌पिढ्या कितुलच्या तुऱ्याचा रस काढून गूळ करत आले आहेत. कितुल म्हणजे आपला भेरली माड, ज्याची झावळी कोकणात तोरणाला वापरतात. सह्याद्री आणि श्रीलंका मिळून जैवविविधतेचा एकच संवेदनशील प्रदेश मानतात, तो उगाच नव्हे.

जायचे असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये जावे, पहाटे चालायला लागावे, जळवांसाठी घट्ट विणीचे लांब मोजे न्यावेत आणि बोलणे कमी ठेवावे. परतल्यावर आपल्या भागातल्या एखाद्या देवराईत जावे. तिथे वरची मोठी झाडे आहेत का हे तर पाहावेच, पण त्याहून आधी खाली वाकून त्यांची रोपे उगवली आहेत का ते पाहावे. फरशी घातलेल्या, सिमेंटचा सभामंडप उठलेल्या देवराईत म्हातारी झाडे अनेक वर्षे उभी राहतात आणि राई शाबूत आहे असे वाटत राहते. रोपे नसतील, तर तिचे मोजके दिवस उरले आहेत. सिंहराजाला थांबण्याची वेळ साधता आली. आपल्या हातात ती अजून काही ठिकाणी आहे.