रक्तगट जुळला, पुढे काय?

रक्तगट जुळला म्हणजे मूत्रपिंड जुळले, हा समज घातक आहे. गर्भारपण, पूर्वी चढवलेले रक्त किंवा आधीचे प्रत्यारोपण यांमुळे रुग्णाच्या शरीरात परक्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे तयार असू शकतात. म्हणून क्रॉसमॅच चाचणीत त्याचे सीरम दात्याच्या लिम्फोसाइट पेशींत मिसळून पाहतात. १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी दाखवले, की चाचणी पॉझिटिव्ह असलेल्या ३० पैकी २४ मूत्रपिंडे लगेच निकामी झाली. निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. मग चाचणी पॉझिटिव्ह असूनही ज्यांचे मूत्रपिंड लगेच निकामी झाले नाही, त्या उरलेल्या सहा जणांसारख्यांना प्रत्यारोपण नाकारणे अन्याय नव्हे का? आक्षेप रास्त आहे, कारण काही प्रतिपिंडे निरुपद्रवीही असतात. म्हणूनच आता सूक्ष्म मण्यांवरच्या चाचणीने ती नेमकी कशाविरुद्ध आहेत हे शोधतात. मात्र ते कळण्याआधी शस्त्रक्रियेची घाई करणे मला मुळीच मान्य नाही.