महाग घ्यावं की स्वस्त? लग्नाच्या खरेदीआधी करा हा हिशेब

लग्नाचा सीझन आला की जळगावच्या सराफ बाजारात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर पाय ठेवायला जागा नसते. घरोघरी यादी लांब आणि पैसा मोजका. अशा वेळी दोन चुका हमखास होतात. जिथे चांगली वस्तू घ्यायला हवी तिथे आपण शंभर-दोनशे रुपयांसाठी अडून बसतो आणि जिथे गरज नाही तिथे ‘लोक काय म्हणतील’ म्हणून हजारो रुपये उडवतो. दोन्हीकडे नुकसान आपलेच. म्हणून जास्त पैसे कुठे मोजावेत, ते आज सोप्या हिशेबाने पाहू.

पहिला हिशेब वापराचा. वस्तूची किंमत ती किती दिवस चालणार याने भागा. 300 रुपयांची चप्पल चार महिन्यांत तुटत असेल, तर दोन वर्षांत सहा जोड लागतील, म्हणजे 1,800 रुपये. 900 रुपयांची एक जोडी तेवढीच दोन वर्षे चालली, तर ‘महाग’ चप्पल निम्म्यात पडली. आता हाच हिशेब निकाहच्या शेरवानीला लावा. 12,000 रुपयांची शेरवानी एकदाच अंगावर चढली, तर एका दिवसाचे 12,000 झाले. ती भाड्याने मिळत असेल तर विकत कशाला घ्यायची?

दुसरा हिशेब चालवण्याच्या खर्चाचा. खान्देशात उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो, पंखा रात्रंदिवस सुरू असतो. साधा छताचा पंखा सुमारे 75 वॅट वीज खातो, बीएलडीसी पंखा सुमारे 30 वॅट. रोज 15 तास आणि वर्षात 300 दिवस धरले, तर एका पंख्यामागे जवळपास 200 युनिट वाचतात. युनिटला 8 रुपये धरले तरी वर्षाचे 1,600. (तुमचा दर काढायचा तर बिलाची रक्कम युनिटने भागा.) दोन्ही पंख्यांच्या किमतीत 1,500 रुपयांचा फरक असला, तर तो वर्षभरातच वसूल होतो. पण पाहुण्यांच्या खोलीतला पंखा दिवसातून दोनच तास चालत असेल, तर हेच पैसे वसूल व्हायला सहा-सात वर्षे लागतील. तिथे साधा पंखा पुरे.

कूलरचेही तसेच. रंग आणि लाइट पाहून पैसे देऊ नका. पत्र्याची जाडी, मोटारीत तांब्याची वायंडिंग आहे का, आणि पंप बिघडला तर आपल्या गल्लीतला मिस्त्री तो बदलू शकतो का, हे विचारा. दुरुस्त होणारी वस्तू हीच खरी टिकाऊ वस्तू.

तिसरा हिशेब जिवाचा. प्रेशर कुकर, हेल्मेट, गॅसची नळी, घराचे वायरिंग यात स्वस्ताई शोधू नये. कुकर आणि हेल्मेटवर आयएसआय मार्क असणे कायद्यानेच सक्तीचे आहे. मार्क नसेल तर वस्तू निम्म्या किमतीत मिळाली तरी परत ठेवा.

चौथा हिशेब सोन्याचा. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी सक्तीचा आहे. दागिन्यावर तीन खुणा पाहा: बीआयएसचे चिन्ह, शुद्धता (22 कॅरेटला 22के916) आणि एचयूआयडी. तो नंबर मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तिथेच खात्री करा. 10 ग्रॅमचा दागिना 22 कॅरेट म्हणून घेतला आणि तो 18 कॅरेट निघाला, तर शुद्ध सोने 9.16 ऐवजी 7.5 ग्रॅमच असते. म्हणजे दीड ग्रॅमहून जास्त सोन्याचे पैसे गेले. जकात काढतानाही दागिन्यात सोने किती, हे माहीत असायलाच हवे. मात्र बारीक नक्षीच्या घडणावळीवर फार खर्च करू नका. दागिना मोडायला गेलात की मजुरी परत मिळत नाही.

पाचवी गोष्ट कमाईच्या साधनाची. घरी शिलाई करणाऱ्या बहिणीचे मशीन, मिस्त्रीचे ड्रिल, रिक्षाचे टायर. हे बंद पडले की त्या दिवसाची मजुरीही बुडते. इथे चांगले घेणे म्हणजे उधळपट्टी नव्हे.

आता खरी अडचण. चांगले घ्यायचे कळते, पण हातात एकदम पैसा नसतो. हप्त्याने घेतले तर व्याज येते, आणि ‘बिनव्याजी’ म्हटलेल्या हप्त्यातही प्रोसेसिंग फी किंवा सुटलेली रोखीची सूट लपलेली असते. दुकानदाराला आधी रोखीचा भाव विचारा, मग सगळ्या हप्त्यांची बेरीज करा. फरक लगेच दिसेल. त्यापेक्षा ओळखीच्या माणसांची भिशी किंवा चांगल्या कंपनीची जुनी, तपासून घेतलेली वस्तू बरी. यादीतल्या दहा वस्तू हलक्या घेण्यापेक्षा रोज लागणाऱ्या चारच चांगल्या घ्या, बाकीच्या संसारात हळूहळू येतील.

आणि एक लक्षात ठेवा, जास्त किंमत म्हणजे चांगला माल असे नाही. ब्रँडचे नाव, मोठा डबा, चकचकीत शोरूम यांचेही पैसे आपल्याच खिशातून जातात. इसराफपासून आपल्याला रोखले आहे, पण इसराफ फक्त महाग घेण्यात नसतो. दर सहा महिन्यांनी तीच स्वस्त वस्तू फेकून नवी आणणे, हाही इसराफच. या वेळी बाजारात जाण्याआधी यादी घेऊन घरात बसा. प्रत्येक वस्तूपुढे ती रोज लागणार की एकदाच, एवढेच लिहा. पैसा कुठे लावायचा ते कागदच सांगेल.