वॉर्डापासून दूर नेणारी पदवी

एम.एस्सी. नर्सिंगच्या पाच शाखांमध्ये बालआरोग्य परिचर्या ही एक शाखा आहे. बी.एस्सी. नर्सिंग करून वर्षभर नोकरी केलेल्या परिचारिकेला तिथे प्रवेश मिळतो. दोन वर्षांत ती अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास, जन्मजात हृदयदोष, बालकर्करोग, वाढ आणि विकासाचे टप्पे, आजारी मुलाचं खेळणं अशा कितीतरी गोष्टी खोलात जाऊन शिकते. महाराष्ट्रात ही पदवी मुख्यतः नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं. पदवी हाती आली की यातल्या बहुतेक जणी (आणि थोडे ब्रदरही) एखाद्या नर्सिंग कॉलेजात शिकवू लागतात. आजारी मुलाशी त्यांचा संबंध उरतो तो विद्यार्थिनींच्या क्लिनिकल पोस्टिंगपुरता. मुलांच्या शुश्रूषेतलं सर्वांत वरचं शिक्षण ज्यांनी घेतलं त्याच मुलांच्या वॉर्डात नसतात, ही या अभ्यासक्रमाची खरी अडचण आहे, आणि ती दूर झाल्याशिवाय जागा किंवा कॉलेजं वाढवून फारसं काही साधणार नाही, असं माझं मत आहे.

अडचण आजच इतकी का बोचावी, हे बालमृत्यूच्या आकड्यांवरून कळतं. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली देशाचा अर्भकमृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे २८ होता, महाराष्ट्राचा १६. या १६ पैकी ११ मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले. लसी, ओआरएस आणि वेळेवर मिळणारी अँटिबायोटिक्स यांनी टळण्यासारखं होतं त्यातलं पुष्कळ टळलं. आता उरलेत ते मुख्यतः कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या, जन्मताना गुदमरलेल्या किंवा जंतुसंसर्ग झालेल्या बाळांचे मृत्यू. त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयांत एसएनसीयू, म्हणजे नवजात बालकांचे विशेष दक्षता कक्ष, उभे राहिले. तिथे डॉक्टर राउंड घेतात आणि आदेश लिहितात. पण नळीने गेलेलं दूध पचतंय का, पोट फुगलंय का, त्वचेचा रंग बदलतोय का, हे रात्रीच्या तीन वाजताही पाहते ती सिस्टरच. औषधाचा डोस बाळाच्या वजनावर काढावा लागतो आणि दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की ज्यातून इजा होऊ शकली असती अशा औषधचुकांचं प्रमाण मुलांमध्ये मोठ्यांच्या तिप्पट होतं.

अशा ठिकाणी माया लागतेच, पण नुसती माया काय करते याचं एक उदाहरण ऑक्सिजनच्या इतिहासात आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत अपुऱ्या दिवसांची बाळं इन्क्युबेटरमुळे वाचू लागली आणि त्यांच्यात अंधत्वाची एक साथच आली. जास्तीच्या ऑक्सिजनमुळे डोळ्यांचा पडदा खराब होत असावा, असा संशय होता. वॉशिंग्टनच्या गॅलिंजर रुग्णालयात १९५१ साली चाचणी सुरू झाली: काही बाळांना भरपूर ऑक्सिजन, काहींना बेताचा. रात्रपाळीच्या काही परिचारिकांना हे निर्दयपणाचं वाटलं. बेताचा ऑक्सिजन ठरलेल्या बाळांचा प्रवाह त्या रात्री वाढवून ठेवत आणि सकाळी पुन्हा कमी करत. आपण बाळाला वाचवतोय अशी त्यांची खात्री होती. १९५४ साली अनेक रुग्णालयांच्या एकत्रित चाचणीने संशय खरा ठरवला. मग गाडी उलट्या टोकाला गेली आणि ऑक्सिजन इतका आखडता घेतला गेला की त्यापायी बाळं दगावू लागली. आज अपुऱ्या दिवसांच्या बाळाची ऑक्सिजन-पातळी साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवतात. तो पट्टा सांभाळणं म्हणजे मॉनिटरचा अलार्म ऐकून नॉब फिरवणं एवढंच नव्हे. वरची मर्यादा ओलांडली तर डोळ्यांचं काय होतं आणि खालची ओलांडली तर जिवाचं काय होतं, हे ठाऊक असलेली व्यक्ती प्रत्येक पाळीत हवी. गॅलिंजरच्या त्या परिचारिकांना चाचणी कशासाठी आहे हे समजावून सांगणारं, त्यांच्यातलंच कोणी वॉर्डात असतं, तर त्यांनी नॉबला हात लावला नसता, असं मला वाटतं.

बालकल्याणाची बाजू पाहिली तर गोष्ट आणखी ठळक होते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधल्या जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक साधा चित्रपट केला. त्यात दोन वर्षांची मुलगी छोट्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात एकटी राहते. ती फारशी रडत नाही. हळूहळू मिटत जाते. त्या काळी ब्रिटिश रुग्णालयांत आईबापांना भेटीची वेळ मोजून मिळे आणि मूल गप्प झालं की ते ‘रुळलं’ असं मानलं जाई. डॉक्टर-परिचारिकांनी चित्रपटावर आधी राग काढला. पण १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने आईवडिलांना मुलांजवळ मुक्त प्रवेशाची शिफारस केली. ब्रिटनमध्ये बालपरिचर्या आज नोंदणीची वेगळी शाखा आहे आणि मुलाचं मन हा तिच्या शिक्षणाचा गाभा आहे.

आपल्याकडे गंमत अशी, की सरकारी रुग्णालयाच्या साध्या बालवॉर्डात आई कायमच मुलाच्या खाटेवर असते. तिथे रॉबर्टसनची गरज पडलीच नाही. मात्र नवजात बाळांचे आधुनिक कक्ष आले तसे आपण जंतुसंसर्गाच्या भीतीने आईला दाराबाहेर बसवलं. भीती खोटी नव्हती, उपाय चुकला. त्याचा पुरावा दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीने २०२१ साली दिला. एक ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच आईच्या छातीशी धरलं. त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता कक्षात आणली. पहिल्या २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. जागतिक आरोग्य संघटनेने पुढच्याच वर्षी आपली शिफारस बदलली. पण शिफारस कागदावरून कक्षात आणायची तर ओल्या बाळंतिणीची खाट कुठे लावायची, सलाइन चालू असलेलं बाळ तिच्या छातीवर कसं ठेवायचं, नातेवाइकांच्या गर्दीला कसं आवरायचं, सिझेरियन झालेल्या आईचं काय, असे शंभर बारीक प्रश्न येतात. ते सोडवण्याचं ज्ञान आणि अधिकार दोन्ही असलेली व्यक्ती म्हणजे उच्चशिक्षित बालपरिचारिका. ती त्या वेळी कॉलेजात फळ्यासमोर उभी असते.

असं का होतं, याचं उत्तर अभ्यासक्रमात आणि पदांच्या उतरंडीत मिळून आहे. पहिल्याच वर्षी ‘नर्सिंग एज्युकेशन’ हा सक्तीचा विषय, दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन. भावी शिक्षिका आणि भावी प्रशासक घडवण्याची ही रचना आहे. प्रबंधाचं तर एक ठरीव रूपच होऊन बसलंय: ‘निवडक रुग्णालयातील मातांच्या अमुक विषयावरील ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमचा परिणाम’. आधी प्रश्नावली, मग एक व्याख्यान, आठवड्याने तीच प्रश्नावली, आणि निष्कर्ष असा की ज्ञान वाढलं. न वाढायला काय झालं! बाळाचं वजन वाढलं का, ते स्तनपानावर टिकलं का, पुन्हा भरती व्हावं लागलं का, हे त्यात मोजलेलं सहसा नसतं. सरकारी सेवेत अधिपरिचारिकेने वर जायचं तर परिसेविका, अधिसेविका ही प्रशासनाची वाट आहे किंवा पाठ्यनिर्देशिका होण्याची. बालरोग परिचारिका असं पदाचं नावही आहे, पण एम.एस्सी. होऊन त्याच विषयात, त्याच खाटांपाशी राहून वर चढत जाण्याची शिडी मात्र नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो गडचिरोलीच्या नावाने, आणि तो सर्वांत भारी आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने जेमतेम शिकलेल्या गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरोघरी जाऊन त्यांनी नवजात बाळं तपासली, जंतुसंसर्गावर इंजेक्शनंही दिली, आणि ३९ गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या कामातूनच पुढे आशांमार्फत होणाऱ्या घरपोच नवजात काळजीचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. मग एम.एस्सी.चं कौतुक कशाला? गडचिरोलीचा धडा मी वेगळा वाचतो. तिथे आरोग्यदूताला थोडी पण नेमकी कामं होती, प्रशिक्षण कसून होतं आणि देखरेख नियमित होती. देशभर कार्यक्रम पसरला तेव्हा आशांची संख्या वाढली. कसून शिकवणारी आणि पाठीशी उभी राहणारी माणसं त्या मानाने वाढली नाहीत. ती जागा तालुक्याच्या पातळीवर बालपरिचर्येतल्या तज्ज्ञाने घ्यायची आहे. कमी शिकलेल्या कार्यकर्तीचं यश हे जास्त शिकलेल्या मार्गदर्शकाविरुद्धचा पुरावा ठरत नाही.

दुसरा आक्षेप संख्येचा: आधी वॉर्डात हात वाढवा, पदव्या मागाहून. हात कमी आहेत हे खरंच. नऊ युरोपीय देशांतल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा २०१४ चा अभ्यास सांगतो, की परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. पण त्याच अभ्यासात पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की ती शक्यता ७ टक्क्यांनी घटतानाही दिसली. अभ्यास मोठ्या माणसांचा आहे आणि देश सुबत्तेतले, म्हणून आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. मात्र संख्या की शिक्षण असा सौदा करायचं कारण त्यात सापडत नाही. शिकलेल्या परदेशी जातात, या आक्षेपाला फार वेळ देण्याची गरज नाही. त्या जातात कारण तिकडे खाटेपाशी राहूनही पगार आणि मान मिळतो.

रुग्णालयाबाहेरचं क्षेत्र तर जवळजवळ मोकळंच आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि जवळपास २६ टक्के उंचीच्या मानाने रोड निघाली. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांत मुलं तपासतात. जन्मजात व्यंग, विकासातली दिरंगाई शोधतात. शोधून काढलेल्या मुलाला जिल्ह्याच्या केंद्रापर्यंत पोचवणं, पालकांना वारंवार भेटणं, उपचार मध्येच सुटू न देणं हे काम मात्र सगळ्यांचं, म्हणून कुणाचंच नाही.

करण्यासारखं अवघड नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलने अतिदक्षता परिचर्येसाठी रेसिडेन्सीच्या धर्तीवरचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आधीच आखला आहे. त्यात विद्यार्थिनी बहुतेक वेळ वॉर्डातच काम करत शिकते. बालपरिचर्येला तोच साचा लावता येईल. प्रत्येक एसएनसीयूला एम.एस्सी. झालेल्या तज्ज्ञ परिचारिकेचं एक पद, अध्यापकाच्या तोडीचं वेतन, कॉलेजातल्या प्राध्यापिकेला आठवड्यातले काही दिवस कक्षाची जबाबदारी, आणि प्रबंधाचा विषय त्याच कक्षाच्या नोंदवह्यांतून. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय आयोगाचा कायदा संसदेने २०२३ साली मंजूर केला. नवे नियम आणि अभ्यासक्रम लिहिताना या मागण्या त्यात घालायला नव्याने कायदा करावा लागणार नाही. पदनिर्मिती मात्र राज्याच्या हातात आहे, आणि तिची फाइल आरोग्य, वैद्यकीय शिक्षण व वित्त अशा तीन खात्यांतून जाते.