रद्द झाली ती गाडी, तिकीट नव्हे

ब्रिटनमध्ये शिकायला गेलेल्या मुलांच्या घरी कधी ना कधी हे वाक्य ऐकू येतं : "तिकीट ॲडव्हान्स होतं, गाडी रद्द झाली, पैसे बुडाले." बहुतेक वेळा ते पैसे बुडालेले नसतात. कुणी मागितलेलेच नसतात, म्हणून ते येत नाहीत.

याचं मूळ आपल्या सवयीत आहे. कन्फर्म तत्काळ तिकीट आपण रद्द केलं तर एक रुपयाही परत मिळत नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. पण तीच गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि आपण गेलोच नाही, तर ती सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरून पूर्ण पैसे मिळवता येतात, हे फारसं कुणी सांगत नाही. ब्रिटनच्या ॲडव्हान्स तिकिटाचंही असंच झालं आहे. हे तिकीट एकाच ठरावीक गाडीचं असतं. ते मोजक्या संख्येनं, साधारण १२ आठवडे आधीपासून विकतात. गाडी सुटण्यापूर्वी वेळ बदलून घेता येते, पण भाड्यातला फरक आणि वर १० पौंडांपर्यंत शुल्क भरावं लागतं. आपल्या चुकीनं गाडी हुकली तर तिकीट संपलं. वाटेत मध्येच उतरण्याचीही मुभा नाही. नियम कडक आहेत खरे, पण ते प्रवाशाचा बेत बदलला तर लागतात. बेत रेल्वेनं मोडला तर हिशेब वेगळा होतो.

गैरसमज : गाडी रद्द झाली की ॲडव्हान्स तिकीट वाया जातं.

गाडी रद्द झाली किंवा लेट झाली आणि तुम्ही प्रवास न करायचं ठरवलं, तर पूर्ण रक्कम परत मिळते. त्यातून कसलंही शुल्क कापत नाहीत. अर्ज मात्र जिथून तिकीट घेतलं तिथेच करायचा. अर्ध्या वाटेत अडकून परत सुरुवातीच्या स्टेशनवर यावं लागलं, तरी हाच नियम. आणि जायचंच असेल, तर त्याच कंपनीच्या पुढच्या गाडीत त्याच तिकिटावर बसता येतं. दुसऱ्या कंपनीच्या गाडीत आपल्या मनानं चढू नका. आपली तिकिटं तिथे चालतील अशी घोषणा झाली आहे का, हे आधी कर्मचाऱ्यांना विचारा. घाबरून नवं महागडं तिकीट काढणं ही सगळ्यात मोठी चूक. ते पैसे परत मिळवणं खरोखर अवघड जातं.

गैरसमज : दोन वेगळी तिकिटं असतील आणि पहिल्या गाडीमुळे दुसरी चुकली, तर जबाबदारी आपली.

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. समजा, कोव्हेंट्रीहून न्यूकासलला जायचंय. बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटला गाडी बदलायची, आणि स्वस्त पडतात म्हणून दोन तुकड्यांची दोन ॲडव्हान्स तिकिटं घेतली आहेत. ब्रिटिश रेल्वेच्या प्रवास-अटी अशा तिकिटांना एकच प्रवास मानतात. गाडी बदलायला त्या स्टेशनसाठी ठरलेला किमान वेळ तुम्ही ठेवला असेल आणि पहिली गाडी लेट झाल्यामुळे दुसरी सुटली, तर पुढच्या गाडीनं जाण्याचा हक्क तुमचाच. उशिराची भरपाईही पहिल्या गाडीला किती उशीर झाला यावर ठरत नाही. न्यूकासलला एकूण किती उशिरा पोचलात, त्यावर ठरते.

गैरसमज : सवलतीच्या तिकिटावर भरपाई नाही, आणि वादळ-संपात तर नाहीच.

बहुतेक कंपन्या 'डिले रिपे' योजनेत आहेत. एकेरी तिकिटावर ३० ते ५९ मिनिटं उशीर झाला तर निम्मं भाडं मिळतं, तास किंवा त्याहून जास्त झाला तर पूर्ण. कित्येक कंपन्या १५ मिनिटांपासूनच पाव भाडं देतात. कारण वादळ असो, सिग्नल असो की संप, फरक पडत नाही. तिकीट ॲडव्हान्स आहे की रेलकार्ड या सवलतीच्या कार्डावर घेतलेलं, यानंही नाही. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा : वादळाच्या किंवा संपाच्या आदल्या दिवशी सुधारित वेळापत्रक निघालं असेल, तर उशीर त्यावरून मोजतात. अर्ज २८ दिवसांत करावा लागतो, म्हणून तिकिटाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

गैरसमज : विमान लेट झालं तर रेल्वे समजून घेईल.

इथे मात्र उलटी गफलत होते. विमान हा रेल्वेच्या प्रवासाचा भाग नाही. मुंबईहून आलेलं विमान हीथ्रोला दोन तास उशिरा उतरलं, इमिग्रेशनच्या रांगेत आणखी वेळ गेला आणि लीड्सची गाडी निघून गेली, तर ॲडव्हान्स तिकिटाचे पैसे खरोखरच गेले. म्हणून मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा लंडनला उतरणार असेल, त्या दिवसाचं तिकीट घरी बसून आधी काढू नका. कुठल्याही वेळच्या गाडीला चालणाऱ्या एनीटाइम तिकिटाचं, आणि बहुतेक मार्गांवरच्या कमी गर्दीच्या वेळेसाठीच्या ऑफ-पीक तिकिटाचंही, भाडं आयत्या वेळी वाढत नाही. सामान हातात आल्यावर असं तिकीट स्टेशनवरच काढू द्या.