शांता आपटे : गळा स्वतःचा, निर्णयही स्वतःचा

नाटकांत आणि मालिकांत काम करणाऱ्या मुलामुलींना मी गाणं शिकवते. त्यांच्यातले पुष्कळजण तयारीचे असतात. सूर पक्का, ताल पक्का. पण गाणं सुरू झालं की अनेकांचा अभिनय थांबतो. डोळे मिटतात, एक हात वर जातो, समोरचं पात्र, प्रसंग, घर सगळं विसरलं जातं आणि भूमिका बाजूला पडून गायक तेवढा उरतो. अशा वेळी मी त्यांना 'कुंकू' पाहायला सांगते. प्रभात फिल्म कंपनीचा १९३७ सालचा चित्रपट. त्यात नायिका नीरा झालेल्या शांता आपटे गातात तेव्हा नीरा क्षणभरही नाहीशी होत नाही. गाते ती नीराच.

जुन्या काळातली गोड गळ्याची नायिका एवढीच शांताबाईंची ओळख आज पुष्कळांना असते. मला ती फार अपुरी वाटते. ज्या काळात नटीनं कंपनी सांगेल ते करायचं अशी रीत होती, त्या काळात आपल्या गळ्यावर, श्रमावर आणि करारावर आपला हक्क आहे हे त्यांनी पडद्यावर, स्टुडिओच्या फाटकाशी आणि पुस्तकातही ठणकावून सांगितलं. त्यांचं गाणं आणि त्यांचा हट्ट या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

पंढरपूरहून प्रभातपर्यंत

शांताबाईंचा जन्म सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा, कर्नाटकाच्या सीमेलगतचा. गाण्याचं शिक्षण पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात झालं. पुण्याच्या गणेशोत्सवात त्या भजनं म्हणत. तिथून त्या भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये आल्या. १९३२ सालचा हा बोलपट पुण्यात दादासाहेब तोरण्यांच्या सरस्वती सिनेटोननं काढला होता. कृष्ण झाले होते शाहू मोडक आणि राधा शांताबाई. दोघंही कोवळ्या वयाची आणि दोघंही स्वतः गाणारी. मुंबईत हा चित्रपट पंचवीस आठवडे चालला.

बोलपट तेव्हा नुकताच अवतरला होता. गाणारी माणसं येत होती ती संगीत नाटकातून. नाटकातल्या गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे. पद रंगलं की 'वन्स मोअर' येई आणि कथा तिथेच थांबून राही. प्रेक्षकांची त्याला तक्रार नव्हती, कारण ते गाण्यासाठीच आलेले असत. शांताबाई या रंगभूमीवर घडलेल्या नव्हत्या, त्या थेट माइकसमोर उभ्या राहिल्या. त्यामुळे आवाज फेकण्याची सवय त्यांच्या गळ्याला कधी लागलीच नाही. जवळच्या माणसाशी बोलावं तसं त्या गात.

१९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली. पुण्यातला तिचा पहिला चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम यांचा 'अमृतमंथन', १९३४ सालचा. शांताबाई त्यात नायकाची बहीण सुमित्रा झाल्या. संगीत होतं केशवराव भोळे यांचं. भोळे वैद्यकीय शिक्षणासाठी आलेले आणि संगीतात रमलेले गृहस्थ. 'एकलव्य' या नावानं त्यांनी गायकांवर मार्मिक लेखन केलं होतं. 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकासाठी त्यांनी नव्या धर्तीच्या चाली दिल्या होत्या. प्रसंगाला शोभेल एवढंच गाणं, पात्र जे म्हणेल तेच गाणं, हा त्यांचा आग्रह. त्या आग्रहाला शोभणारा गळा आणि चेहरा त्यांना शांताबाईंत मिळाला.

माइकखालचं गाणं

त्या वेळचं गाण्याचं चित्रीकरण कसं होई, हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. सुरुवातीच्या बोलपटांत गाणं आणि चित्र एकाच वेळी टिपलं जाई. माइक डोक्यावर, पण चौकटीबाहेर टांगलेला. पेटी, तबला, सारंगी घेऊन वादक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे आडोशाला बसलेले. नटीनं चालायचं, वळायचं, प्रकाशाच्या जागा सांभाळायच्या, चेहऱ्यावर भाव ठेवायचा आणि सूर माइकच्या टप्प्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. एक तान घसरली किंवा वादकाकडून चूक झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यात तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची, म्हणजे जे सांगायचं ते तेवढ्यात सांगून व्हायला हवं.

या अडचणींमुळे बहुतेक नट गाताना जागच्या जागी खिळून उभे राहत. हात जोडलेले, नजर समोर. शांताबाईंनी ती कोंडी फोडली. 'अमृतमंथन'मध्ये त्यांचे डोळे गाण्याबरोबर फिरतात, हात बोलतात, मान वळते आणि तरी सूर हलत नाही. गाणारी बाई पडद्यावर इतकी मोकळी असू शकते हे प्रेक्षकांना नवं होतं. तो चित्रपट हिंदीत रौप्यमहोत्सवापर्यंत गेला आणि शांताबाईंचं नाव महाराष्ट्राबाहेर पोचलं.

गाणाऱ्याच्या दृष्टीनं पाहिलं तर त्यांचा गळा पल्लेदार, पण त्या पल्ल्याचं प्रदर्शन नाही. शब्द स्वच्छ. 'र' आणि 'ळ' ठसठशीत. शब्दाच्या शेवटी स्वर लोंबकळत ठेवायचा नाही, वाक्य संपलं की संपवायचं. छोट्या मुरक्या आणि खटके त्या अशा जागी घेतात, जिथे बोलताना आपला आवाज आपोआप हेलकावतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच ऐकायला सांगते. दागिना कुठे आहे ते शोधा आणि तो तिथेच का आहे याचा विचार करा.

त्यानंतर आला १९३६ चा 'अमरज्योती', दुर्गा खोटे आणि चंद्रमोहन यांच्याबरोबरचा, मास्टर कृष्णरावांच्या संगीताचा. त्याच वर्षी 'राजपूत रमणी'. पण शांताबाईंचं नाव कायमचं कोरलं गेलं ते पुढच्या वर्षी.

नीरा

नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामांनी मराठीत 'कुंकू' आणि हिंदीत 'दुनिया न माने' असे दोन चित्रपट केले. पोरक्या नीराचं लग्न मामा पैशाच्या लोभानं एका प्रौढ, विधुर वकिलाशी लावून देतो. या वकिलाची, काकासाहेबांची, भूमिका केशवराव दाते यांनी केली आहे आणि ती आजही अंगावर काटा आणते. विषय मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. देवलांच्या 'शारदा'नं १८९९ साली म्हाताऱ्या नवरदेवाचा प्रश्न रंगमंचावर आणला होता. पण शारदेचं लग्न ऐनवेळी मोडतं आणि तिला वाचवायला कोदंड असतो. नीराचं लग्न लागून गेलेलं आहे, तिला वाचवायला कुणी नाही. त्याच घरात राहून ती नवऱ्याला नवरा मानायला नकार देते. वाईट नजर ठेवणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीनं फोडून काढते. अखेर काकासाहेबांनाच आपल्या अन्यायाची जाणीव होते आणि तिला मोकळं करण्यासाठी ते स्वतःचं आयुष्य संपवतात.

या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज आहेत. केशवराव भोळ्यांनी गाणीही प्रसंगातून उगवतील अशी बांधली. त्यामुळे नीरा गाते तेव्हा कुठूनतरी वाद्यवृंद अवतरत नाही. एक बंडखोर, एकटी मुलगी घरात आपल्याशी गुणगुणते आहे, एवढंच घडतं. 'दुनिया न माने'मध्ये तर शांताबाईंनी लाँगफेलो या अमेरिकी कवीची इंग्रजी कविता गायली आहे. १९३७ साली एका मराठी नटीनं पडद्यावर इंग्रजी कविता गावी आणि ती उपरी न वाटता नीराच्या लढ्याचा भाग वाटावी, ही किमया साधी नाही. व्हेनिसच्या महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला.

शांताबाईंच्या नीराच्या डोळ्यांत पाणी फार कमी वेळा येतं. तिथे संताप असतो, मिश्कीलपणा असतो, कधी दयाही असते. सोशिक नायिकांच्या काळात त्यांनी न सोसणारी नायिका उभी केली, म्हणून नव्वद वर्षं होत आली तरी नीरा जुनी होत नाही.

स्टुडिओच्या फाटकाशी

१९३८ मध्ये दामले-फत्तेलाल यांच्या 'गोपालकृष्ण'मध्ये त्या पुन्हा राधा झाल्या. कृष्ण होते छोटे राम मराठे, पुढे मोठे गायक म्हणून गाजलेले. यश शिगेला पोचलं होतं. आणि १९३९ साली शांताबाई प्रभातच्याच फाटकाशी उपोषणाला बसल्या. करार आणि पगाराचा वाद होता. एवढी नावाजलेली नटी आपल्याच कंपनीच्या दारात अन्न सोडून बसते, ही बातमी देशभर गाजली. त्यानंतर त्या प्रभातमधून बाहेर पडल्या.

पुष्कळांनी याला तेव्हा नखरा म्हटलं. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, शांताबाईंनी त्याचं उत्तर पुस्तकानं दिलं. नाव होतं 'जाऊ मी सिनेमात?' सिनेमात येऊ पाहणाऱ्या तरुण मुलींच्या मनातला प्रश्नच त्यांनी शीर्षक केला. आत मात्र मेकअपच्या युक्त्या किंवा गोड आठवणी नाहीत. चित्रपटाचा धंदा कसा चालतो, भांडवल कुणाचं आणि श्रम कुणाचे, नट-नटींचा थकवा कुणाच्या हिशेबात येतो, असे प्रश्न त्यांनी मांडले. पडद्यावर झळकणारी बाई ही कामगारही आहे, हा विचार १९४० साली मराठीत एका नटीनं लिहून काढला. उपोषणामागे लहर नसून विचार होता, हे या पुस्तकावरून कळतं.

मद्रास, लाहोर, मुंबई

प्रभात सुटली म्हणून शांताबाई थांबल्या नाहीत. १९४१ मध्ये वाय. व्ही. राव यांच्या 'सावित्री' या तमिळ चित्रपटात त्यांनी सावित्रीचं काम केलं. त्यासाठी त्या तमिळ शिकल्या आणि संवाद व गाणी स्वतः म्हटली. त्यात नारद झाल्या होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. 'कल्की' साप्ताहिकाला भांडवल उभं राहावं म्हणून सुब्बुलक्ष्मींनी ती भूमिका घेतली होती. हिंदुस्थानी पद्धतीत वाढलेला गळा आणि कर्नाटक संगीतातला महान गळा एकाच चित्रपटात, ही गोष्ट संगीताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवी.

१९४२ मध्ये त्या लाहोरला गेल्या. पांचोलींचा 'जमीनदार' आणि संगीत गुलाम हैदर यांचं. ढोलकीचा पंजाबी ठेका, उडती चाल. भोळे-कृष्णरावांच्या तालमीतल्या शांताबाईंनी तेही लीलया पेललं. त्याच वर्षी देबकी बोस यांचा 'अपना घर', पुढच्या वर्षी 'दुहाई', ज्यात नूरजहाँही होत्या. १९४६ मध्ये भालजींच्या 'वाल्मिकी'त त्या पृथ्वीराज कपूर यांच्याबरोबर होत्या.

त्याच वर्षीचा मास्टर विनायकांचा 'सुभद्रा' मला फार महत्त्वाचा वाटतो. संगीतकार वसंत देसाई, प्रभातमध्येच घडलेले. या चित्रपटात शांताबाईंच्या बरोबरीनं एका किशोरवयीन मुलीनं काम केलं आणि त्यांच्यासोबत गाणंही गायलं. ती मुलगी म्हणजे लता मंगेशकर. मावळतं युग आणि उगवतं युग एकाच ध्वनिपट्टीवर आहेत.

कारण तोवर पार्श्वगायन रुळलं होतं. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं ते आणलं आणि १९४९ च्या 'महल', 'बरसात', 'अंदाज'नंतर नायिकेला गाता येण्याची गरजच उरली नाही. शांताबाईंची १९५० नंतरची कामं विरळ आहेत. 'कुंकवाचा धनी', 'ताई तेलीण', शेवटी काही पौराणिक चित्रपट. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. मराठी रंगभूमी गाजवणाऱ्या नयना आपटे या त्यांच्या कन्या.

पार्श्वगायनानं आपल्याला अलौकिक गाणी दिली, याबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे. पण एक गोष्ट हरवली. ज्या श्वासानं पात्र बोलतं त्याच श्वासानं ते गातं, हा अनुभव दुर्मीळ झाला. आज संगीत नाटक पुन्हा उभं राहतं आहे, नट पुन्हा स्वतः गाऊ लागले आहेत. त्यांच्यासाठी शांताबाईंचं काम हा हाताशी असलेला पाठ आहे.

प्रभातच्या ज्या आवारात त्यांनी उपोषण केलं, तिथेच १९६० पासून चित्रपटाचं शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. देशभरातली मुलं तिथे येतात. तिथल्या आणि इतरही अभिनयशाळांतल्या मुलांना माझी विनंती आहे, की पहिल्या करारावर सही करण्याआधी 'कुंकू' पाहा आणि 'जाऊ मी सिनेमात?' मिळवून वाचा. कला जीव ओतून करावी आणि तिचं मोल मान वर करून मागावं, हे दोन्ही शांता आपटे यांनी करून दाखवलं आहे.